छपरावरची छत्री आणि खिशातला मोबाइल

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो तुमच्या-माझ्या छपरावरचा आहे. आमचे घर सातारा जिल्ह्यात, पाटण खोऱ्यात. घर जुने, कौलारू. त्या कौलांवर आजही एक ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना उभी आहे. तिच्या दोन काड्या वानरांनी वाकवून ठेवल्या आहेत आणि सध्या तिचा उपयोग कावळ्यांना बसायला होतो. शेजारी न्हाणीच्या स्लॅबवर एक तबकडी आहे, जिला आपण सगळे छत्री म्हणतो. आणि तिसरे साधन घरातल्या प्रत्येकाच्या खिशात आहे, ते म्हणजे मोबाइल. या तिघांपैकी कोणाला ठेवावे आणि कोणाला निरोप द्यावा, याचा एक प्रयोग मी माझ्या घरी करून पाहिला. त्यात थोडी फजिती झाली. पण फजितीतून जे शिकायला मिळते ते पक्के असते, असे आम्ही शिक्षक मुलांना सांगतो. तेव्हा ते स्वतःलाही लागू करायला हरकत नाही.

प्रयोगाला निमित्त झाला माझा पुतण्या. तो नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. २०२३ च्या दिवाळीत त्याचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "काका, मी टीव्हीची छत्री काढून टाकली. महिन्याचे पैसे फार व्हायला लागले होते. आता छपरावर साधी अँटेना लावली आहे. बातम्या, हवामान, फुटबॉल सगळं फुकट दिसतं. बाकीचं इंटरनेटवरून बघतो."

मला मोठे नवल वाटले. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातला माणूस परत अँटेनाकडे वळतो, आणि आपण मात्र दर महिन्याला ३५० रुपयांचे रिचार्ज मारतो! वर्षाचे झाले ४२०० रुपये. बरे, इतके पैसे भरून आमच्या घरात पाहिले काय जाते? आई सह्याद्री वाहिनी आणि एखादी मालिका पाहते, मी बातम्या पाहतो, मुलगा क्रिकेट पाहतो आणि सौभाग्यवती वेळ मिळाला तर काहीच न पाहता झोपते. बाकीच्या शेकडो वाहिन्या डब्यात बंद. वास्तविक १ फेब्रुवारी २०१९ पासून नियमच असा झाला आहे की, ग्राहकाने आपल्याला हव्या त्या वाहिन्या निवडाव्यात आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत. पण निवडायला बसतो कोण? कंपनीने जो गठ्ठा बांधून दिला तो आपण घेतो.

मी ठरवले, आपणही छत्री काढायची. दुसऱ्याच दिवशी शिडी लावली, छपरावर चढलो, अँटेनाच्या वाकलेल्या काड्या सरळ केल्या, नवी वायर जोडली आणि खाली हाक दिली, "आलं का?" मंडळी, ही हाक तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या श्रोत्यांना चांगली आठवत असेल. १९८८ साली महाभारत सुरू झाले तेव्हा दर रविवारी सकाळी गावोगावच्या छपरांवरून हीच हाक ऐकू येई. खालून उत्तर येई, "थोडं डावीकडं! आता मुंग्या आल्या!" या वेळी मात्र खालून मुलगा म्हणाला, "बाबा, नुसत्या मुंग्याच आहेत. कुठंही फिरवा."

तासभर अँटेना फिरवली. उत्तर झाले, दक्षिण झाली, काही दिसेना. शेवटी खाली उतरलो आणि चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. मी ज्या मनोऱ्याकडे अँटेना वळवत होतो, त्या मनोऱ्यातून आता काही निघतच नव्हते.

हे जरा समजून घेण्यासारखे आहे. आपल्या देशात दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. हे सारे प्रक्षेपण जमिनीवरच्या उंच मनोऱ्यातून होई आणि ते आपली अँटेना पकडी. पण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपले. सह्याद्रीच्या खोऱ्यांतून राहणाऱ्यांना हे मी सांगायला नको. म्हणून आकाशातून प्रक्षेपण करण्याचा विचार पुढे आला. १९७५-७६ साली एक वर्षभर एका अमेरिकन उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवली गेली. शेती, आरोग्य, शिक्षण हे तिचे विषय. उपग्रहाला डोंगर आडवा येत नाही हे तेव्हाच सिद्ध झाले.

पुढे घरोघरी छत्र्या आल्या आणि मनोऱ्याकडे पाहणारे कमी कमी होत गेले. तेव्हा दूरदर्शनने हे जुने मनोरे टप्प्याटप्प्याने बंद केले. मार्च २०२२ अखेरपर्यंत, सीमाभागासारखी मोजकी महत्त्वाची ठिकाणे सोडून बाकीचे सगळे मिटवण्याचे ठरले होते. अमेरिकेत गोष्ट वेगळी झाली. तिथे १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण बंद झाले, पण त्याच मनोऱ्यांवरून नव्या डिजिटल पद्धतीचे प्रक्षेपण चालू राहिले. म्हणून माझ्या पुतण्याची अँटेना बोलते आणि माझी मुकी राहते. तात्पर्य, दुसऱ्याच्या छपरावरचे पाहून आपल्या छपरावर चढू नये. आधी चौकशी करावी, मग शिडी लावावी.

आता अँटेना गेली. पण मी हट्टाला पेटलो होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, टीव्ही कशाला हवा? सगळं मोबाइलवर आहे." मी म्हटले, चला, तसे करू. छत्रीचे रिचार्ज बंद केले आणि आम्ही इंटरनेटवर गेलो.

पहिला आठवडा मजेत गेला. हवे ते, हवे तेव्हा दिसते, ही केवढी सोय! रात्री शेतावर पाणी धरायला गेलेला माणूसही परत आल्यावर सकाळी सातच्या बातम्या पाहू शकतो. पण हळूहळू एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. चित्र पाहायला डेटा लागतो. साध्या प्रतीच्या चित्राला तासाला पाऊण ते एक जीबी, आणि अगदी स्वच्छ चित्र पाहिजे असेल तर तीन जीबीपर्यंत. माझ्या पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी. म्हणजे दीड-दोन तास पाहिले की दिवसाचा शिधा संपला. क्रिकेटचा सामना तर निम्म्यावरच अडे. मग वरचे रिचार्ज. शिवाय प्रत्येक कंपनीची वर्गणी निराळी. मुलाला क्रिकेटसाठी एक पाहिजे, मालिकेसाठी दुसरी, सिनेमासाठी तिसरी. आणि एकदा का 'दर महिन्याला आपोआप पैसे कापावेत' या चौकटीवर बोट ठेवले, की ते पैसे कधी गेले ते आपल्याला कळतही नाही. चौथ्या महिन्यात मी वही काढून हिशोब मांडला. तीन वर्गण्या आणि वरचा डेटा मिळून महिन्याला ४४७ रुपये! ज्या ३५० रुपयांसाठी मी छपरावर चढलो होतो, त्यापेक्षा जवळजवळ शंभर रुपये जास्त.

आणखी एक गंमत. शेजारी तुकाअण्णांकडे छत्रीचा टीव्ही. त्यांच्या घरी "आउट! आउट!" असा गलका उठे आणि आमच्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावत येत असे. इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण छत्रीपेक्षा बरेच सेकंद मागे असते. त्यामुळे माझ्या मुलाला दर विकेट आधी शेजाऱ्यांकडून कळे.

पण श्रोतेहो, हा पैशाचा आणि विकेटचा हिशोब झाला. खरी गोष्ट पुढेच आहे.

माझी आई आता ऐंशीच्या घरात आहे. मोबाइलचा पडदा तिला दिसत नाही आणि त्यावर बोट कुठे ठेवायचे ते कळत नाही. छत्री होती तेव्हा रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ती भिंतीला टेकून बसे. गल्लीतल्या दोघी-तिघी येत. मालिका चाले ती चालेच, पण तिच्या मध्ये मध्ये कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा ऊस तुटला, हेही सगळे चाले. छत्री बंद झाली आणि त्या यायच्या थांबल्या. मी कोपऱ्यात बातम्या पाही, मुलगा माडीवर क्रिकेट, सौभाग्यवती स्वयंपाकघरात पाककृती. एके दिवशी आई म्हणाली, "आरं, त्या टीव्हीत माणसं यायची तवा घरातबी माणसं यायची. आता ज्याचं त्याचं तोंड भिंतीकडं. म्या काय करू?"

मला उत्तर देता आले नाही. बचतीच्या वहीत मी आईचा रकाना मांडलाच नव्हता.

त्या रात्री मला शाळेतली एक गोष्ट आठवली. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद होत्या. आम्ही शिक्षक मोबाइलवर पाठ पाठवत होतो. पण माझ्या वर्गात चौथीला एक मुलगी होती. घरात मोबाइल एकच, आणि तो वडिलांबरोबर कामावर जाई. वडील रात्री परत येत तेव्हा डेटा संपलेला असे. तिला मी पाठवलेला एकही पाठ वेळेवर मिळाला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पुस्तकांना धरून. त्या मुलीच्या शेजारच्या घरी फुकटची छत्री होती. ती रोज ठरल्या वेळी त्या घराच्या ओसरीत, अंतर ठेवून बसे आणि पाठ पाही. शाळा उघडली तेव्हा तिने मला तिची वही दाखवली. पाठात सांगितलेले खेळ, चित्रे, गणिते सगळे तिने क्रमाने लिहून ठेवले होते. तिच्यासाठी त्या वर्षाची शाळा त्या ओसरीत भरली होती.

मोबाइल वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. टीव्हीवरचा पाठ एकदा निघून गेला की परत आणता येत नाही. मोबाइलवरचा पाठ मागे नेऊन दहादा पाहता येतो. वर्गात एखादा अवघड भाग समजावून देताना मी स्वतः हे करतो. पण इंटरनेटवर प्रत्येकाला आपले आपले मोजून द्यावे लागते. जो जास्त पाहील त्याला जास्त पैसे. आकाशातून येणाऱ्या लहरींचे तसे नसते. एका छत्रीखाली एक माणूस बसला काय आणि वीस बसले काय, खर्च तोच. गावात आड असतो तसे ते आहे. दोर आणि घागर आपली, पाणी सगळ्यांचे.

ही फुकटची छत्री म्हणजे दूरदर्शनची डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ती निराळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. आज त्याहून कितीतरी जास्त आहेत. तिला महिन्याचे पैसे नाहीत. छत्री, डबा आणि बसवणूक मिळून एकदाच सुमारे दोन हजार रुपये लागतात. मला सगळे मिळून १९०० रुपये लागले. सह्याद्री वाहिनी आहे, बातम्या आहेत, २०१५ साली सुरू झालेली शेतकऱ्यांची डीडी किसान आहे. शिक्षक मित्रांनी तर विशेष लक्ष द्यावे. २०१७ पासूनच्या स्वयंप्रभा वाहिन्या आहेत, त्या मुख्यतः महाविद्यालयीन अभ्यासाच्या. २०२० साली 'एक इयत्ता, एक वाहिनी' या योजनेत पहिली ते बारावीसाठी बारा वाहिन्या आल्या आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या वाढवून दोनशे करण्याचे जाहीर झाले, म्हणजे राज्याराज्यांच्या भाषांतूनही पाठ देता यावेत. शाळेत एक टीव्ही आणि एक फुकटची छत्री असेल तर इंटरनेट नसलेल्या वाडीतही हे पाठ पोचतात.

आता कोणी विचारील, की मग तिच्यात खोट काही नाही का? आहे. खासगी वाहिन्या तिथे लिलावात बोली लावून जागा घेतात. आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी दिसेलच अशी खात्री नाही. नव्या मालिका आणि मोठे सामने बरेचदा तिथे नसतात. आईची एक आवडती मालिका गेलीच. दोन दिवस ती रुसली, तिसऱ्या दिवशी दुसरी मालिका धरली.

आता थोडे कामाचे बोलतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर टिपून घ्यावे.

पहिले, आठ दिवस एक वही टीव्हीजवळ ठेवा. कोणी, कधी, काय पाहिले ते लिहा. आमच्या घरी आठ दिवसांत सातच वाहिन्यांची नावे लिहिली गेली. पैसे आपण शेकडो वाहिन्यांचे भरत होतो की सातांचे, ते मग आपोआप कळते.

दुसरे, जुनी छत्री फेकू नका. बहुतेक वेळा तीच छत्री चालते, तिचे तोंड तेवढे फिरवावे लागते आणि डबा बदलावा लागतो. मात्र ती छत्री आपल्या मालकीची आहे की कंपनीची, हे आधी विचारून घ्या.

तिसरे, दिशा. फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. आपल्या महाराष्ट्रातून तो साधारण आग्नेयेला येतो. आमच्या भागात क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास वर बघावे लागते, म्हणजे नजर बरीच उंच जाते. त्यामुळे दूरच्या डोंगराची भीती नाही; पण छत्रीला लागून आग्नेयेला आंबा किंवा फणस असेल तर जागा बदला. लहान रोप असले तरी पाच वर्षांनी ते झाड होणार आहे, याचाही विचार करा.

चौथे, पाऊस. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असते. जोराच्या सरीत पाण्याचे थेंब त्यांना शोषून घेतात आणि विखरून टाकतात. आषाढात धो धो सुरू झाले की चित्र थिजते. दहा-वीस मिनिटे थांबावे, सर ओसरली की ते परत येते. लगेच डिशवाल्याला बोलावून दोनशे रुपये घालवू नयेत. अँटेनाला डोंगर आडवा येई, छत्रीला पाऊस आडवा येतो आणि मोबाइलला रिकामा खिसा आडवा येतो. निर्दोष असे साधन एकही नाही.

पाचवे, इंटरनेटची वर्गणी घ्यायची तर एका वेळी एकच घ्या आणि ठराविक महिन्यांपुरतीच घ्या. आपोआप पैसे कापण्याची चौकट रिकामी ठेवा. वर्गणीशिवायही पुष्कळ काही मिळते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' नावाचे स्वतःचे ॲप सुरू केले, त्यावर दूरदर्शन आणि आकाशवाणी दोन्ही आहेत. डेटा तेवढा आपला लागतो. आणि मोबाइलमध्ये चित्राची प्रत कमी करण्याची सोय असते, ती वापरा. गुरुजींचा फळा दिसला म्हणजे झाले. त्यावरच्या खडूचा कण न् कण दिसायला पाहिजे असे नाही.

आमच्या घरचा हिशोब सांगून हा भाग संपवतो. फुकटची छत्री १९०० रुपये, एकदाच. मुलाच्या क्रिकेटसाठी वर्षातले तीन महिने एकच वर्गणी, दरमहा १४९ प्रमाणे ४४७ रुपये. पहिल्या वर्षी एकूण २३४७. जुन्या ४२०० मधून वजा जाता शिल्लक १८५३. दुसऱ्या वर्षापासून छत्रीचा खर्च नाही, तेव्हा शिल्लक ३७५३. ही काही मोठी इस्टेट नव्हे. पण त्या पैशांतून या वर्षी आईचा चष्मा झाला आणि उरलेल्यात माझ्या वर्गाला दोन शब्दकोश आले.

आता दिवाबत्ती झाली की आई पुन्हा भिंतीला टेकून बसते. गल्लीतल्या बायका येऊ लागल्या आहेत. परवा पावसाने चित्र थिजले, तर कोणी उठून गेले नाही. उलट गप्पांना जोर आला. मुलगा माडीवरून खाली येऊन विचारतो, "आजी, चित्र आलं का?" आई म्हणते, "येईल तवा येईल. तू बस की जरा."

तेव्हा श्रोतेहो, तुम्ही छत्री ठेवा, काढा, बदला, जे तुमच्या घराला सोयीचे असेल ते करा. फक्त हिशोबाच्या वहीत रुपयांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना मांडा. संध्याकाळी आपल्या घरात एका पडद्यासमोर किती जण एकत्र बसतात, तो आकडा त्यात लिहा. आणि शिक्षक मित्रांनो, आपल्या वर्गात ज्याच्या घरी मोबाइल नाही असे पोर कोणते, आणि त्याच्या घरापासून सगळ्यात जवळची फुकटची छत्री कोणाकडे आहे, एवढे दोन शब्द हजेरीपटाच्या मागे टिपून ठेवा. कधी वेळ येईल सांगता येत नाही.